आधी न्हाणीघर, मग डोंगर

मुक्कामासाठी नवीन जागा बघायला गेले की मी सगळ्यात आधी संडासात जाते. आत जाऊन कडी लावते. कडी नीट बसते का, बादली हाताशी आहे का, साठीच्या माणसाला उठताना टेकायला भिंत जवळ आहे का, हे सगळं बघून मग बाहेर येते. घरमालक तोवर अंगणात अवघडून उभा असतो. त्याला वाटतं, बाई जळगावहून एसटीनं आल्या, बिचाऱ्यांची अडचण झाली असेल. त्याला मला डोंगर दाखवायची घाई असते. ‘‘तो बघा ताई, सूर्य तिकडून उगवतो,’’ असं कौतुकानं सांगतो. सूर्य सगळ्यांच्याच घरासमोर उगवतो, भाऊ. तुमच्याकडं गरम पाणी किती जणांना पुरतं ते सांगा.

पिंप्राळ्यातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीतून मी बरीच वर्षं चालण्याच्या सहली काढत आले. आता गुडघे माझेही कुरकुरतात, म्हणून नव्या जागा शोधणं कमी केलं आहे आणि लिहायला वेळ मिळाला आहे. लोकांना वाटतं, डोंगर म्हटलं की दोर आले, तंबू आले, पाठीवर बोचकी आली. आमचं तसलं काही नाही. एका गावात तीन-चार दिवस मुक्काम टाकायचा. रोज सकाळी नाश्ता करून पाण्याची बाटली आणि डबा घेऊन निघायचं, डोंगरात मनसोक्त हिंडायचं आणि संध्याकाळच्या चहाला परत यायचं. सामान खोलीतच. पिशव्या रोज भरायच्या नाहीत, रोज नवी उशी नाही. माझी गिऱ्हाइकं म्हणजे निवृत्त मास्तर, बँकेतले लोक, दुकानदारांच्या बायका आणि अलीकडं शेतकरी घरातली वयस्क माणसं. यांच्यासाठी डोंगर कुठलाही चालतो. मुक्काम चुकला तर मात्र डोंगर कितीही देखणा असो, सहल मेली म्हणून समजा.

सुरुवातीला हे काम म्हणजे मोठंच धाडस होतं, कारण आमच्या जळगावात चढ म्हणजे रेल्वेवरचा पूल. चालायला जाऊ या म्हटलं की पहिला प्रश्न यायचा, ‘‘वर देव कोणता?’’ वर देव नाही म्हटलं की दुसरा प्रश्न यायचा, ‘‘मग जायचं कशाला?’’ या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला तोंडानं कधीच देता आलं नाही. माणूस एकदा वर नेऊन उभा केला की त्यालाच ते सापडायचं.

आरामशीर जागा कशाला म्हणायचं हे मला गिऱ्हाइकांनीच शिकवलं. एका गृहस्थांनी मला भर थंडीत साक्रीच्या बाजारपेठेत टेबलफॅन शोधायला लावला होता. अंगात स्वेटर, वर दोन चादरी, आणि तरी पंखा हवा. मी चिडले, तर म्हणाले, ‘‘ताई, वारा नको हो, आवाज हवा. जळगावच्या माणसाला त्याशिवाय झोप लागते का?’’ खरंच होतं ते. तेव्हापासून मी खोलीत पंखा आहे का आणि तो आवाज करतो का, दोन्ही बघते. एकदा मी एका मंगल कार्यालयात छान जाड गाद्या अंथरून घेतल्या होत्या. रात्री सगळे खूष. सकाळी निम्मी मंडळी उठूनच बसेनात, कारण जमिनीवरून उठायचं कसं तेच कुणाला आठवेना. एकमेकांना हात देऊन उठवण्यात आमची सकाळ गेली. तेव्हापासून खाट पाहिजे म्हणजे पाहिजे.

आणि फार आरामही चालत नाही. धुळ्याजवळ हायवेला एक हॉटेल मला पसंत पडलं होतं. थंडगार खोल्या, समोर हिरवळ, वेटर वाकून बोलणारे. त्या हिरवळीवर मी भुलले. पण डोंगर तिथून गाडीनं तासाच्या पुढं. रोज सकाळी बसमध्ये अंग आखडून घ्यायचं, मग उतरून चालायचं, मग पुन्हा बस. दुसऱ्या दिवशी निम्म्या लोकांनी पाय दुखण्याचं कारण सांगितलं आणि हिरवळीवर पत्त्यांचा डाव मांडला. तिसऱ्या दिवशी डोंगरावर मी, ड्रायव्हर आणि एक नवरा-बायको, तेही आपसांत न बोलणारे. त्या सहलीनं मला एक गोष्ट कायमची शिकवली. वाट दारापासून सुरू झाली पाहिजे आणि दाराशीच येऊन संपली पाहिजे. शिवाय एक वाट पुरत नाही. एक मोठी, एक मधली आणि एक अगदी छोटी, ओढ्यापर्यंत जाऊन यायची, अशा तीन तरी हव्यात. ज्याला वाटेल तो मधूनच परत फिरला तरी त्याचा दिवस फुकट जायला नको.

अशा जागा हॉटेलांच्या पाट्या वाचून सापडत नाहीत. मी साक्री, पिंपळनेरकडच्या आठवडे बाजारात जाऊन बसायची. भाजी घेता घेता बायकांना विचारायची, ‘‘इथं जवळपास कुणाकडं नुकतंच लग्न झालं?’’ बायका हसायच्या. त्यांना वाटायचं, ताई स्थळं बघत्येय. पण ज्या घरानं नुकतंच लग्न उरकलं, त्या घरात न्हाणीघर नवं असतं, मोठी पातेली असतात, पाण्याची टाकी असते आणि मुख्य म्हणजे पंचवीस पाहुण्यांचे नखरे सोसायची सवय ताजी असते. माझ्या धंद्यातली ही सगळ्यात मोठी युक्ती. इतकी वर्षं मी ती कुणाला सांगितली नव्हती.

नाना आणि नानी मला असेच सापडले. पिंपळनेरच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं गाव. धाकट्या मुलाच्या लग्नासाठी बांधलेलं स्लॅबचं नवं घर, चकचकीत फरशी, दोन संडास, त्यातला एक कमोडचा. नाना म्हणजे उंच, पांढरी टोपी, बोलणं मोजकं. नानी ठेंगणी आणि बोलण्यात नानांची सगळी कसर भरून काढणारी. दारापासून तीन वाटा निघत होत्या. मी मनातल्या मनात नाचले.

पहिल्याच सहलीत मला कळलं की खानदेशात आरामशीर जागा शोधणं सोपं आहे, त्या आरामातून माणसं उठवणं अवघड. पहिल्या सकाळी आम्ही बूट घालून तयार झालो, तर नानांनी पंगत मांडलेली. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेल्या कणकेच्या बट्ट्या, तुरीचं दाट वरण, घोटलेल्या वांग्याची भाजी आणि तुपाची लोटी घेऊन स्वतः नाना. बट्टी कुस्करायची, त्यावर वरण, त्यावर तूप. नाना ‘पुरे’ हा शब्द ऐकूच येत नसल्यासारखे वाढत होते. आमच्या लोकांनाही नको म्हणवेना, कारण आमच्याकडं यजमानाचा आग्रह मोडणं म्हणजे त्याचं नाक कापणं. मग काय, बूट घातलेली सगळी मंडळी ओट्यावर आडवी झाली आणि उन्हं कलेपर्यंत घोरत पडली. त्या दिवशी डोंगर आम्हाला बघत होता.

मी नानांना समजावलं की बट्टी संध्याकाळी द्या, सकाळी नुसते पोहे. नाना दुखावले. ‘‘ताई, आमना घर पाहुना उना आनि पोहा खाईसन गया, तर गाव माले काय म्हनी?’’ शेवटी नानीनं मध्यस्थी केली आणि करार झाला. सकाळी पोहे किंवा भाकरी, संध्याकाळी बट्टी. नाना तो करार पाळायचे, पण सकाळी पोह्यांची ताटली पुढं करताना मान खाली घालायचे.

नानांच्या घरी मी अनेक सहली नेल्या. तक्रार एकच यायची, आणि ती नेहमी शेवटच्या अर्ध्या तासाची. बाहेरच्या लोकांना वाटतं, चढताना गुडघे दुखतात. चढताना दम लागतो. गुडघे दुखतात ते उतरताना, आणि तेही दिवसभर चालून मांड्या थकल्यावर. नानांचं घर पायथ्याशी, म्हणजे रोज संध्याकाळी थकलेल्या पायांनी सगळा डोंगर उतरायचा. तरुण माणसं उड्या मारत यायची. वयस्क माणसं वाटेतून परत फिरायची आणि मग मी त्यांच्याबरोबर परत फिरायची, कारण मागे राहिलेल्यांबरोबर कुणीतरी राहावंच लागतं. मी एवढी माणसं त्या डोंगराच्या धारेवर, अगदी माथ्यावर पाठवली, पण स्वतः मात्र फार कमी वेळा वर पोचले. याची रुखरुख मला आहे आणि ती लपवायचं काही कारण नाही.

हे सगळं असंच चाललं असतं, पण अक्का आल्या.

अक्का रावेरकडच्या, केळीच्या पट्ट्यातल्या. सत्तरीला आलेल्या. त्यांच्या गावच्या भजनी मंडळातल्या दहा-बारा बायकांना घेऊन त्या एक दिवस रिक्षांतून माझ्या दारात उतरल्या. आदल्या पावसाळ्यात बागेत पाय घसरून त्यांच्या गुडघ्याला मार बसला होता. तो बरा झाला. डॉक्टर म्हणाले, आता रोज चाला. घर म्हणालं, बसा. मुलगा अरुणभाऊ आईवर जीव टाकणारा. त्यानं अक्कांचा पलंग पुढच्या खोलीत आणला, टीव्ही समोर लावला, हाताशी पाणी ठेवलं, आणि त्यांचं शेतात जाणं बंद केलं. ज्या बागेत त्यांनी चाळीसेक वर्षं रोज सकाळी फेरी मारली, कोणता घड कापायचा आणि कोणता ठेवायचा हे जिथं त्या बोट दाखवून सांगायच्या, ती बाग आता त्यांना फोनवरच्या फोटोत बघायला मिळायची.

‘‘पोरी,’’ अक्का मला म्हणाल्या, ‘‘मी डोंगर चढली, हे त्यानं डोयानं पाह्यलं, तरच माह्यं शेत मले परत भेटन. नाही तर मी पलंगावरच संपली.’’

मी म्हटलं, अक्का, सातपुडा तर तुमच्या घरामागं आहे.

‘‘तढी गेली तं पोरं मोटरसायकलवर मागं येतीन अन् उचलून घरी नेतीन. लांब ने.’’

बाकीच्या बायका म्हणत होत्या, घरी सांगू की वर देवीचं ठाणं आहे, म्हणजे कुणी अडवणार नाही. अक्कांनी त्यांना गप्प केलं. ‘‘देवाचं नाव काबरं घेता? मले चालाले जायचं, तसंच सांगायचं.’’ आणि त्यांनी तसंच सांगितलं. दुसऱ्याच दिवशी मला अरुणभाऊंचा फोन. आवाज अतिशय नम्र. ‘‘ताई, आई हट्टाला पेटली आहे म्हणून पाठवतो. पण डोंगर-बिंगर नको. चांगल्या ठिकाणी ठेवा, ओट्यावर खुर्ची टाकून द्या, बाकीच्या फिरतील. आणि ती लंगडत परत आली, तर मी पुन्हा तिला उंबऱ्याबाहेर पाठवणार नाही.’’

म्हणजे अक्कांची एकच संधी होती. नानांच्या घरून ती साधणार नव्हती हे मला दिसत होतं. अक्का चढल्या असत्या, पण उतरताना त्यांचा गुडघा बोलला असता, आणि परत येताना त्या लंगडल्या असत्या. मी पुन्हा पिंपळनेरची एसटी धरली.

नानांच्या घराच्या वर, डोंगराच्या मध्यावर एक रुंद टप्पा आहे. तिथं नानांची वरची शेती आणि खळं, आणि खळ्याला लागून मातीचं दोन खोल्यांचं घर. सुगीच्या दिवसांत राखणीला वापरायचं, एरवी बंद. मी तिथं ट्रॅक्टरच्या रस्त्यानं चालत गेले आणि ओट्यावर बसले. सारवलेली गार जमीन, पायाखाली घसरत नव्हती. विहिरीला बारमाही पाणी. जीप दारापर्यंत येईल असा रस्ता, म्हणजे वेळ आली तर पिंपळनेरचा दवाखाना लांब नाही. फोनला रेंज. दारातून ओढ्याकडे एक छोटी वाट, टप्प्याला वळसा घालणारी दुसरी, आणि तिसरी थेट डोंगराच्या धारेवर. निम्मा डोंगर गाडीनंच चढून झालेला, त्यामुळं उतार राहणार होता तो थोडाच. मला पाहिजे ते सगळं तिथं होतं, एक संडास सोडून.

नानांना सांगितलं, तर ते खाटेवरून उठूनच उभे राहिले. ‘‘खळामा पाहुना? हाई नवं घर सोडीसन? माले तोंड दखाडाले जागा राहाव नही, ताई.’’

त्यांचंही चूक नव्हतं. आमच्याकडं पाहुण्याला घरातली सगळ्यात चांगली जागा द्यायची असते, आणि चांगली म्हणजे नवी, फरशीची. पाहुण्याच्या गुडघ्याला काय सोसतं हा विचार त्या रितीत बसत नाही. मी बरंच बोलले. नाना भिंतीकडं बघत राहिले. शेवटी नानी आतून हात पुसत आल्या. ‘‘तुम्हले काय कळस? तठे वारा शे, पानी शे. बाया सुखमा राहतीन. मी जासू वर रांधाले.’’ नानी एकदा बोलल्या की विषय संपायचा. पंधरवड्यात वर संडास बांधून झाला. कमोड ट्रॅक्टरमध्ये पेंढ्यात गुंडाळून वर गेला. गावात नवी वस्तू आली की नारळ फोडायचा असतो, तसा तिथंही फोडला. मी आत जाऊन कडी लावून बघितली आणि बाहेर येऊन खोबऱ्याचा प्रसाद खाल्ला.

थंडीत आम्ही गेलो. पहिल्या दिवशी अक्का ओढ्यापर्यंत जाऊन आल्या, काठी टेकत, पण कुणाचा हात न धरता. दुसऱ्या दिवशी टप्प्याचा पूर्ण वळसा. संध्याकाळी त्यांनी पाय लांब करून गुडघा दाबून पाहिला आणि माझ्याकडं बघून मान हलवली, काही नाही, ठीक आहे. धार आम्ही शेवटच्या, चौथ्या दिवसासाठी ठेवली होती. पण त्याच संध्याकाळी अरुणभाऊंचा फोन आला. मंडळातल्या कुणीतरी अक्कांचा ओढ्यातल्या दगडावर उभं राहून काढलेला फोटो घरी पाठवला होता. तो बघून त्यांना राहवेना. ‘‘मी उद्या दुपारपर्यंत येतो आणि आईला घेऊन जातो,’’ एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला.

अक्का शांतपणे म्हणाल्या, ‘‘मग उद्याच जायचं.’’

सकाळी बूट घालून आम्ही ओट्यावर उभ्या, आणि खालून ट्रॅक्टरचा आवाज आला. नाना! पाठीमागं ट्रॉलीत पातेली. मुलगा आईला न्यायला येणार ही बातमी नानीकडून खाली पोचली होती, आणि त्या बातमीनं नानांची झोप उडवली होती. नानांच्या मनात एकच, माझ्या घरून एक मुलगा आईला घेऊन जाणार, आणि त्यानं विचारलं काय खाल्लं, तर ती पोहे म्हणणार! नानांनी सूर्य उगवायच्या आत आर पेटवला होता. बट्ट्यांची टोपली, वांग्याची भाजी, आणि वरण थंड होऊ नये म्हणून दुधाच्या मोठ्या कॅनमध्ये भरून आणलेलं.

‘‘बसा बठ्ठ्याजनी,’’ नाना म्हणाले. ‘‘गरम शे तवर खाई ल्या.’’

बसलो तर काय होणार हे मी एकदा बघितलं होतं. बायका ओट्यावर झोपणार, आणि दुपारी अरुणभाऊ येऊन बघणार ते त्यांनी मनात आखलेलंच चित्र, खाटेवर पडलेली आई. नको म्हटलं तर नाना गावात मान वर करून चालणार नाहीत आणि मला हे घर पुन्हा मिळणार नाही.

अक्का पुढं झाल्या. पदर सावरून नानांना म्हणाल्या, ‘‘नाना, आमच्याकडची एक रीत हाये. घरधनी अन् घरधनीण पंगतीत बसल्याबिगर आम्ही घास घेत नाही.’’

नाना म्हणाले, ‘‘बसस ना आम्ही बी. त्यामा काय शे?’’

‘‘तसं नाही. पहिली पंगत उंचावर बसवतात. गावातल्या सगळ्यात उंच जागेवर.’’

मी रावेरकडं पुष्कळ हिंडले आहे, पुष्कळ पंगतींत जेवले आहे. अशी काही रीत तिथं आहे हे मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. मंडळातल्या बायकाही एकमेकींकडं बघायला लागल्या होत्या. देवाच्या नावानं खोटं बोलायला नकार देणाऱ्या अक्का रितीच्या नावानं मात्र पापणी न हलवता बोलत होत्या. आणि नानांसमोर रीत म्हटलं की संपलं. त्यांनी टोपी सारखी केली, धारेकडं बघितलं आणि म्हणाले, ‘‘मंग चाला.’’

मग जी वरात निघाली तशी मी पुन्हा पाहिली नाही. कॅनच्या कडीतून एक दांडा घातला. एका टोकाला नाना, दुसऱ्या टोकाला आलटून पालटून एकेक बाई. बट्ट्या बायकांनी पिशव्यांत वाटून घेतल्या. तुपाची लोटी नानीकडं, ती त्या कुणाच्या हातात देईनात. खाली कुणी उरलंच नाही, म्हणून मीही निघाले.

चालायला लागल्यावर माझ्या लक्षात आलं की त्या कॅननं आमच्यावर केवढे उपकार केले होते. भरलेला कॅन घेऊन घाई करता येत नाही. जरा पाऊल चुकलं की वरण झाकणाखालून डुचमळतं आणि नाना ओरडतात. थोडं चाललं की खांदा बदलायला थांबावं लागतं. एरवी पुढं पळणाऱ्या बायका असतात, मागं राहणाऱ्यांना त्यांना बघून अपराधी वाटतं, आणि मग ती माणसं दम न घेता चालून गुडघे घालवतात. त्या दिवशी कुणाला पुढं पळताच येत नव्हतं. सगळ्यांची चाल कॅनची चाल, आणि कॅनची चाल बरोबर अक्कांची चाल होती. इतकी वर्षं मी लोकांना हळू चला म्हणून घसा कोरडा केला होता. ते काम वरणानं न बोलता केलं.

एका जागी खडकाळ पट्टा होता. कॅन हातोहात वर चढवला. अक्का अंग वळवून, एकेक पाय जुळवत चढत होत्या आणि मध्येच थांबल्या. हात खडकावर, डोळे मिटलेले. मी खाली उतरून त्यांच्याजवळ गेले. मनात म्हटलं, झालं. परत फिरायची वेळ आली, आणि परत फिरणारीबरोबर मी आहेच.

‘‘गुडघा?’’ मी विचारलं.

‘‘नाही. दम. जरा दम घेऊ दे.’’ बराच वेळ त्या तशाच उभ्या राहिल्या. मग डोळे उघडून म्हणाल्या, ‘‘काबरं थांबल्या सगळ्या? वरण थंड होईन ना!’’ आणि चढायला लागल्या. मला भरून आलं, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून मी एका बाईची पिशवी उगाचच तिच्या हातातून घेतली.

धारेवर पोचल्यावर आधी कुणीच बसलं नाही. पश्चिमेला डोंगरामागं डोंगर, पार गुजरातच्या अंगाला. खाली नानांच्या स्लॅबच्या घराची निळी टाकी बोटभर दिसत होती. वारा पदर धरू देत नव्हता. अक्का काठीवर दोन्ही हात ठेवून सगळीकडं बघत होत्या. ‘‘केळीच्या बागेत पुढच्या झाडापलीकडं दिसत नाही, पोरी,’’ एवढंच त्या बोलल्या.

नानाही टोपी हातानं धरून बघत होते. मग जरा ओशाळून म्हणाले, ‘‘इतला वरीस व्हयनात, मी आठे कधी उनाच नही.’’ नानी त्यांना म्हणाल्या, ‘‘तुम्हले कोन आननार व्हतं?’’

पंगत बसली. पळसाच्या पानांवर बट्टी, वर अजून गरम वरण, नानांच्या हातून तूप. मी चार वेळा घेतलं. पोट भरून, वाऱ्यात, उंचावर, नको म्हणायची गरज नसताना खाल्लेलं ते वरण-बट्टीचं जेवण मी अजून विसरलेली नाही.

आणि तेवढ्यात माझा फोन वाजला. अरुणभाऊ. आवाज चढलेला. ‘‘ताई, मी खळ्यावर आलोय. इथं कुणी नाही. खाटा रिकाम्या आहेत. आई कुठंय?’’

मी काही बोलायच्या आत अक्कांनी तुपाचा हात पदराला पुसून फोन घेतला. ‘‘अरुण, वर पाह्य. अजून वर. दिसली का? हां, तीच मी. ये, पान वाढून ठेवलंय.’’

अरुणभाऊंना येताना आम्ही सगळ्याजणी बघत होतो. पायात शहरी चपला, खांद्यावर शबनम. घाईत निघाले, मग मंदावले, मग खडकाळ पट्ट्यात दोनदा बसले. वर आले तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला आणि बोलायला श्वास नाही. अक्कांनी त्यांना पाणी दिलं, पान पुढं सरकवलं आणि नानांनी तुपाची लोटी वाकडी केली. अरुणभाऊ खाता खाता आईच्या पायांकडं बघत होते, मग खालच्या वाटेकडं, मग पुन्हा पायांकडं.

बट्टी संपल्यावर ते उठले. हात धुऊन आईजवळ येऊन बसले. मग खालच्या आवाजात म्हणाले, ‘‘आई, खालच्या बागेतला माल कापायला आला आहे. माणसं उद्या येतील. कोणते घड ठेवायचे ते मला नीट कळत नाही. सकाळी येशील ना माझ्याबरोबर शेतात?’’

ज्यासाठी अक्का एवढ्या लांब आल्या होत्या, ते त्यांचा मुलगा स्वतःहून त्यांच्या हातात देत होता. अक्कांचे डोळे भरले. त्यांनी ते पुसले नाहीत. मुलाच्या पाठीवरून एकदा हात फिरवला.

‘‘येईन. पण परवा,’’ अक्का म्हणाल्या. ‘‘माह्या सहलीचा उद्याचा दिवस बाकी हाये.’’

आणि काठी उचलून त्या धारेच्या पलीकडच्या टोकाकडं चालू लागल्या.